एक थर कमी

आमच्या मधल्या खोलीच्या छताला एक डाग आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रुपयाएवढा होता. पुढं दर पावसाळ्यात वाढत वाढत त्याला थेट बिदर जिल्ह्याच्या नकाशाचा आकार आला. वर औराद, मध्ये भालकी, उजवीकडं बिदर, खाली हुमनाबाद, डावीकडं बसवकल्याण. मी आयुष्यभर मराठी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळं आरामखुर्चीत पडल्या पडल्या वर बघितलं की तालुके दिसतात, याचं मला थोडं कौतुकच होतं. पण मग एका श्रावणात त्या डागानं राज्याची सीमा ओलांडली आणि तो उदगीरच्या बाजूला, म्हणजे नेमका बायकोच्या शिलाई मशीनवर, ठिबकायला लागला.

“मिस्त्रीला बोलवा,” बायको म्हणाली.

“मिस्त्री कशाला? मी करतो की,” मी म्हणालो.

निवृत्त माणसाच्या तोंडून हे तीन शब्द निघाले की घरातली बाकीची माणसं एकमेकांकडं बघतात. आमच्याकडंही तसंच झालं. त्यांचं चुकत नव्हतं. घरदुरुस्तीतली माझी मागची कामगिरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. नुसती समोर नव्हती, काही ठिकाणी पायाखालीही होती.

पहिली कामगिरी पुढच्या दाराची. एका आषाढात सागवानी दार फुगलं आणि लागेनासं झालं. मी शेजारून रंधा मागून आणला. सूतभर काढू, दोन सूत काढू, असं म्हणता म्हणता बोटभर लाकूड गेलं आणि दार कसं अलगद लागलं! चार-सहा महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते लावून दाखवत होतो. मग चैत्र आला. लाकूड वाळलं, आकसलं, आणि दार व चौकट यांच्यामध्ये एवढी फट पडली की शेजारच्या अक्कांचं मांजर रोज त्यातून डोकं घालून घरात कोण आहे कोण नाही ते बघून जाऊ लागलं. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा लावू नये, थोडं थांबावं, हे मला सुतारानं सांगितलं. पण सांगितलं ते चैत्रात.

दुसरी कामगिरी फरशीची. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. पुण्याकडचे पाहुणे हिला शहाबादी म्हणतात, पण शहाबाद हे गाव आहे आणि ते आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. एका पाहुण्यानं तर शहाजहानशी तिचं नातं जोडलं होतं. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यात हा दगड जमिनीखाली वहीच्या पानांसारखा थरावर थर पडून आहे. पहार घालून उचकटला की सपाट लादीच हाताला येते. रेल्वे आली तसा तो रुळांवरून लांब लांब गेला, आणि महाराष्ट्रातली कितीतरी माजघरं, मोऱ्या आणि स्वयंपाकाचे ओटे त्याच्या जिवावर थंडगार राहिले. अशा या गुणी दगडावर मी दिवाळीच्या तोंडावर ॲसिड ओतलं. हेतू चांगला होता, डाग काढायचे होते. दगड भजी तळल्यासारखा चरचरला. पांढरा फेस आला. मी बायकोला हाक मारून म्हणालो, “बघ, कसा मळ निघतोय!” निघत होता तो मळ नव्हता, दगड होता. शहाबादी म्हणजे चुनखडी. तिला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही, तिथं मी बाटली उपडी केली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आजही पायाला खरखरीत लागतं. पाहुण्यांना आम्ही ते मुद्दाम केलंय असं सांगतो. पाय घसरत नाही म्हणून.

तिसरी कामगिरी न्हाणीघराच्या कडीची. ती अजून व्हायची आहे. आठ महिने झाले, म्हणून बायकोनं विषय काढला तेव्हा मी तिला बिदरच्या महमूद गवानच्या मदरशाचा दाखला दिला. १४७२ सालची इमारत. औरंगजेबाच्या काळात तिथं बंदुकीची दारू साठवलेली होती. १६९६ च्या सुमारास स्फोट झाला, दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि एक मिनार उडाला. तीनशे वर्षं उलटून गेली. एवढी देखणी इमारत अजून अर्धीच उभी आहे आणि लोक तिकडं लांबून बघायला येतात. कडीचे आठ महिने म्हणजे काय मोठं?

“मदरशात कुणाला अंघोळ करायची नसते,” बायको म्हणाली.

तरीही छताचं काम मी अंगावर घेतलंच, आणि प्रथेप्रमाणे हार्डवेअरच्या दुकानात गेलो. घरदुरुस्तीतला सगळ्यात आनंदाचा भाग म्हणजे हे दुकान. इथं अजून काही बिघडलेलं नसतं. आमच्याकडच्या दुकानात उभं राहिलं की आणखी एक मौज कळते. एक गिऱ्हाईक मोळे मागतं, दुसरं खिळे, तिसरं कील. कन्नड, मराठी आणि दखनी अशा तीन भाषांतून आलेल्या तिघांनाही दुकानदार एकाच बरणीतून काढून देतो. विचारतो एवढंच, “किती इंची?” इंच आणि सूत या मापांवर आमच्या भागात कुणाचाच वाद नाही. सीमाप्रश्नाचं शिष्टमंडळ एखाद्या दुपारी अशा दुकानात बसवायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

तिथून मी गेल्या काही वर्षांत काय काय आणलं त्याची यादी आज केली की लाज वाटते. पहिल्या वर्षी सिमेंटचं पातळ पाणी करून गच्चीवर फिरवलं. दुसऱ्या वर्षी जिथं भेग दिसली तिथं डांबर ओतलं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं की डांबर उन्हानं वितळतं, म्हणून त्याच्यावर वाळू-सिमेंटचा मसाला थापला. चौथ्या वर्षी पांढरा वॉटरप्रूफ रंग दिला, दोन हात. पाचव्या वर्षी रंगाचे पोपडे निघाले म्हणून त्यांच्यावरून आणखी एक. मोबाइलवर व्हिडिओ बघत हे सगळं चालू होतं. व्हिडिओतली छतं कशी कोरी करकरीत असतात! त्यांना बिचाऱ्यांना कधी गळायची संधीच मिळालेली नसते.

एका सकाळी मी गच्चीवर उकिडवा बसून थापी मारत होतो. शेजारच्या अक्का वाळवण घालायला त्यांच्या गच्चीवर आल्या. “येन माडलिकत्तीरी, सर?” काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गळतंय, बुजवतोय. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मने कट्टी नोडु, मदुवे माडी नोडु.” म्हणजे आपलंच की, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. दोन्ही भाषांनी बांधणाऱ्याला इशारा दिलाय. बांधून झाल्यावर तीस वर्षं ते घर सांभाळणाऱ्यासाठी मात्र म्हण कुणीच केली नाही, ना कन्नडनं, ना मराठीनं. लग्नाच्या बाबतीतही तसंच आहे म्हणा.

हे घर मुळात आजोबांचं. बांधलं तेव्हा निजामाचं राज्य होतं. १९४८ च्या सप्टेंबरात ते गेलं. १९५६ साली बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडं मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. अलीकडं २०१४ मध्ये शेजारच्या गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. घर जागचं इंचभर हललं नाही, तरी त्याच्या पत्त्याची मात्र सतत दुरुस्ती चालू होती.

त्या घराला माळवद होतं. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर किलचन, त्याच्यावर पाला आणि मग माती. मधोमध उजेडासाठी सानं. उन्हाळ्यात आत गेलं की रांजणात शिरल्यासारखं वाटायचं. मे महिन्यात, मृगाच्या आधी, माळवदावर नवी माती टाकायची हा नेम होता. हे काम घरानंच करायचं असे, मिस्त्रीला कुणी बोलावत नसे. आजोबा गाडी जुंपून माती आणायचे, वडील आणि काका पाट्या वर चढवायचे, आम्ही पोरं ती पायांनी तुडवायचो आणि आजी खालून ओरडायची. ‘आपलं घर आपणच दुरुस्त करा’ हे आता नवीन शास्त्र असल्यासारखं सांगतात. तेव्हा त्याला मे महिना म्हणत.

माती मात्र कुठलीही चालत नसे. शेतातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. तिच्यावर नुसता पाया घातला तरी भिंतींना तिरक्या भेगा पडतात, मग डोक्यावर तिला कोण घेईल? माळवदाला हवी असायची पांढरी. जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भागच असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं, जनावरं, राख, पडक्या भिंती यांनी मुरलेली ती माती जराशी खारट असते. गाडी दारात आली की आजी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. खारट लागली तर ठीक. गवत उगवायचं नाही आणि पाणी मुरायचं नाही. अळणी लागली की आजोबांची गाडी परत.

आम्ही हसायचो. पुढं शाळेची सहल घेऊन बिदरला गेलो तेव्हा बिदरी काम करणाऱ्या एका कारागिरानं किल्ल्यातली माती दाखवली. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर चांदीची नक्षी बसवून झाली की शेवटी ही जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि भांडं त्यात बुडवतात. भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखत राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतलीच माती लागते. ती पारखायची कशी, म्हणून मी विचारलं. त्यानं चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. मला आजीच आठवली. तिला कुणी कारागीर म्हटलं नाही, एवढाच फरक.

खालच्या भिंती आणि जमीन हा तर सगळा आजीचाच कारभार. सारवण घालण्याआधी ती जुने पोपडे खुरप्यानं खरवडून काढायची, मगच नवा हात फिरवायची. “जुन्यावर नवं चिकटत नाही रे,” म्हणायची. भिंत डोळ्यांसमोर असायची, म्हणून तिला ते दिसायचं. माळवद डोक्यावर होतं. तिथं दरवर्षी फक्त माती चढायची. उतरायची कधीच नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. भूकंपाचं किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक जमिनीनं मारली नाहीत, घरांनी मारली. मातीत रचलेल्या दगडी भिंती उसवल्या आणि वरची माळवदं खाली आली. आमच्या घराला एक तिरकी भेग गेली, तेवढ्यावर भागलं. पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. नंतर गावोगाव इंजिनिअर फिरू लागले. भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या जोडाला तिरपे टेकू द्या, असं सांगू लागले. आणि सगळ्यात आधी सांगायचे ते हे, की माळवदावरची माती कमी करा.

वडिलांनी माळवदच उतरवायचं ठरवलं. माती काढायला लागलो तेव्हा कुदळीला एकेक थर दिसायला लागला. वर वडिलांच्या काळातली, तिच्याखाली आजोबांच्या काळातली. मोजली तर चांगली हातभर भरली. मी मास्तर माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवेना. दहा बाय बाराच्या एका खोलीवर हातभर माती म्हणजे आठेक टन. भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून आम्ही पन्नास वर्षं खाली निवांत झोपत होतो, आणि तो ट्रक दर मे महिन्यात आम्हीच थोडा थोडा भरत होतो. कुणाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येक पाटी घर गळू नये म्हणूनच वर चढवलेली होती. वडील त्या ढिगाऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “माती टाकायचं सगळ्यांनी शिकवलं. काढायचं कुणी सांगितलंच नाही.”

१९९५ मध्ये माळवदाच्या जागी स्लॅब आला. सिमेंट बहुधा वाडीकडच्याच चुनखडीचं असणार. म्हणजे पायाखालची फरशी आणि डोक्यावरचा स्लॅब एकाच दगडाची पोरं. वडिलांचं ते वाक्य मात्र मी त्या मातीबरोबरच कुठंतरी टाकून दिलं असावं.

कारण यंदाच्या मे महिन्यात मी सहाव्या थराची तयारी करत होतो. बायकोनं मला न विचारता मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा माणूस. बापानं आमच्या माळवदाच्या तुळया बसवल्या होत्या, असं त्यानं वर येता येता सांगितलं. त्यानं माझी सामग्री बघितली, काही बोलला नाही. एक बादली पाणी मागितलं आणि गच्चीच्या मधोमध ओतलं. आम्ही दोघं त्या पाण्याकडं बघत बसलो. ते निघालं, ढाळ धरून पन्हाळाच्या दिशेनं गेलं आणि पन्हाळापासून दोन हातांवर येऊन थांबलं. तिथंच पसरलं. मिस्त्रीनं खडूनं त्या डबक्याभोवती रेघ काढली, पन्हाळाच्या तोंडावर ओळंब्याची दोरी धरून बघितली आणि मला म्हणाला, “सर, पानी कू सीडी लगाना पडता अब.”

पन्हाळाच्या तोंडाशी भेग होती म्हणून दरवर्षी मी सगळ्यात जाड थर तिथंच चढवला होता. पाच वर्षांत ती जागा दोन इंच वर आली होती. पाण्यानं जायचं कुठून? ते तिथंच बसून राहायचं, सावकाश कुठल्या तरी बारीक फटीतून आत शिरायचं, स्लॅबच्या पोटातून चालत चालत मधल्या खोलीत उतरायचं. पाणी शिरतं एकीकडं आणि गळतं दुसरीकडं, हे त्यानं मला चौथीच्या पोराला समजवावं तसं समजावलं. मी डागाच्या बरोबर वरची जागाही बुजवत होतो, आणि पाणी तिथून कधी गेलेलंच नव्हतं.

“नवीन काय टाकायचं?” मी विचारलं.

“कुछ नक्को. निकालना है.”

मग छिन्नी-हातोडी घेऊन आम्ही बसलो. तो फोडायचा, मी घमेल्यात भरायचो. रंग निघाला, त्याच्याखाली रंग निघाला, मसाला निघाला, डांबर निघालं. आपलीच पाच वर्षं माणसाला अशी उलट्या क्रमानं क्वचित बघायला मिळतात. अकरा घमेली भरली. पन्हाळाच्या तोंडात कडुलिंबाचा पाला, नातवाची एक गोटी आणि रंग देतेवेळी हरवलेला माझा जुना ब्रश सापडला. ब्रश हरवला म्हणून त्या वर्षी मी नवा आणला होता आणि त्याच ब्रशानं पन्हाळाच्या अवतीभोवती रंग दिला होता. सगळं साफ झाल्यावर मिस्त्रीनं पन्हाळाजवळची भेग रुंद करून धुतली, ओंजळभर मसाला भरला आणि ढाळ सारखा केला. पुन्हा बादली ओतली. पाणी गेलं. कुठंही न थांबता, शाळा सुटल्यासारखं गेलं.

त्यानं अर्ध्या दिवसाची मजुरी घेतली. मी आणून ठेवलेली सिमेंटची पिशवी बघून म्हणाला, ही दुकानात परत द्या.

मृगाचा पहिला पाऊस यंदा रात्री आला. आम्ही दोघं दिवा लावून मधल्या खोलीत वर बघत बसलो. उदगीर कोरडं. भालकी कोरडी. औरादच्या टोकाला एक थेंब जमला, बराच वेळ लोंबकळला आणि विचार बदलून वाळून गेला. सकाळी बायको म्हणाली की आता त्या डागावर पांढरा रंग मारून टाका, म्हणजे खोली चांगली दिसेल. मी नको म्हणालो. डाग पुन्हा वाढला तर कळायला हवं, असं कारण दिलं. खरं कारण असं, की ब्रश हातात घ्यायची मला भीती वाटते.

तुमच्याही घराला गच्ची असेल. मृग सात-आठ जूनला लागतो. त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी वर जाऊन या. जाताना सिमेंट नको, रंग नको. झाडू न्या, बादलीभर पाणी न्या, आणि ओतल्यावर ते कुठं थांबतं तेवढं बघा. आम्ही न्हाणीघराची कडीही याच धोरणानं सोडवली. गंजलेली जुनी कडी काढून टाकली. नवी अजून बसवलेली नाही.